सुमनबाई आमच्या वाडीवर का यायच्या

जमलेल्या मंडळींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या माझ्या वाडीच्या माणसांनो, पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला बोलायला जमेल की नाही, ठाऊक नाही. सुमनबाई परवा गेल्या. आश्रमशाळेच्या वसतिगृहात त्या मुलींची देखरेख करायच्या. मी चांगी, कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली ठाकर आदिवासीची मुलगी. त्यांच्याच हाताखाली वाढले. सगळे म्हणतायत, बाई देवमाणूस होत्या. मला मात्र पहिल्यापासून त्यांचा संशय यायचा.

आई वारली आणि बापाने मला वसतिगृहात आणून सोडलं. मी जेवेना, बोलेना. बाकीचे म्हणायचे, सोंग करते. बाई नुसत्या शेजारी येऊन बसायच्या. मला वाटायचं, ही का बसते? हिला काय हवंय? आमच्या वाडीवर खालून जो यायचा, तो काहीतरी न्यायलाच यायचा. कोंबडी, लाकूड, नाहीतर कागदावर अंगठा.

एका संध्याकाळी मी एकटीच कुंपणाबाहेर गेले. मला जगायचं नव्हतं. एवढंच सांगते. बाई मागून आल्या, जरा लांब खाली बसल्या. म्हणाल्या, "चांगे, मरावंसं वाटतंय का गं?"

असं कोणी विचारतं का? मी म्हणाले, "तुमी सायबाला सांगाल."

"सांगणार. पोरगी आजारी आहे, घरी नेते, असं सांगणार. तुझ्या बापालाही सांगणार. हे लपवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर चढून गेलो. बापाने आधी बाईंनाच विचारलं, "काय चोरलं हिनं?"

बाईंनी सरळ सांगितलं. बाप भडकला. "माझ्या पोरीला असलं बोलू नका. मी भगताकडं नेतो तिला."

"न्या. मीपण येते. पण कर्जतच्या डॉक्टरकडेही न्यायचं. आणि हिला एकटी सोडायचं नाही."

मी घरीच राहिले. मग दर रविवारी बाई मला बघायला वाडीवर यायच्या. बापाचा संशय जाईना. एकदा त्या पाणी प्यायला आत गेल्या, तेव्हा त्याने त्यांची पिशवी उपसली. आत तेलाची बाटली आणि फणी. बाईंनी बघितलं आणि फणी उचलली. मला पुढ्यात घेऊन केस विंचरायला बसल्या. आई गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. बाप बाहेर जाऊन बसला. मग त्यानेच बाईंना भाकरी वाढली.

मी परत शाळेत गेले, शिकले. आज वाडीवर बालवाडी चालवते. वाईट दिवस पुन्हाही आले. पण तेव्हा कोणाजवळ बोलायचं, हे मला माहीत होतं.

बाई मुलींना फूस लावून त्यांच्या घरी परत नेतात, अशी पुढे तक्रार झाली. तक्रार करणारे आज पुढच्या रांगेत हार घेऊन बसलेत. हार कशासाठी, ते मी विचारत नाही.

मी दुसरंच विचारते. वसतिगृहाची सगळी माणसं मला इथे दिसतायत. शिपाईसुद्धा. मग आत्ता मुलींजवळ कोण आहे?



तिथली एक मुलगी कालपासून जेवलेली नाही. तिच्या मावशीने मघाशी दाराशी मला सांगितलं.

तुम्ही दोन मिनिटं शांत उभे राहा. बाईंसाठी राहा. मला थांबता येणार नाही. बाई, तुम्हाला इथूनच हात जोडते. मी त्या मुलीकडे जाते.