विहिरीआधीचे सलाम

निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं झाली, तरी साहेबापुढं तोंड उघडायचं तर आधी सलामांची माळ, ही बीदरकडची सवय गेली नव्हती. तहसील कचेरीच्या रांगेत माझ्यापुढं कमठाण्याचे जगदेवप्पा आणि त्यांची बायको निलम्मा उभे होते. जगदेवप्पा पाठ केलेलं घोकत होते.

“हुजूर, आलीजनाब, गरीबपरवर, बंदानवाज...”

“आवो, ह्यात विहीर कधी यायची?”

“सलाम तर सरू दे. अजून अकरा हायेत.”

“तवर गाव वाळून जाईल की!”

“आत साठ माणसं बसलेत. माझे पाय लटपटायलेत अन् तू हसायलीस?”

“माझ्याशी भांडताना न्हाई लटपटत ते!”

“तुला काय भ्यायचं?”

“मग साहेबाच्या खुर्चीत मीच बसलेय असं समजा, अन् बोला.”

“कामून?”

“बोलून तर बघा.”

तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं. जगदेवप्पा आत गेले. मग भिंती हादरल्या.

“अगं, ऐकून घे की! बाया कोसभर चालून पाणी आणायल्यात. गावाला विहीर पाहिजे म्हंजे पाहिजे! किती येळा सांगू?”

कचेरी अशी गप्प झाली, की दौतीतली शाई वाळताना मला ऐकू आली. खोटं निघालं तर माझी अर्धी मिशी उतरवा.

“बरं, बरं,” साहेबांचा आवाज आला. “जागा कुठं बघितलीय?”

निलम्मा माझ्याकडं वळली.

“बघा अण्णा. मी इतक्या लवकर कधी ऐकत न्हाई.”