शिसवाचा भुसा पांढरा नसतो

मी मूळची हिंजवडीची, आता जिथं कंपन्यांच्या बसगाड्या लागत्यात तिथंच आमचं घर व्हतं. बाप करवत्या, झाड पाडायचं आन दोघांनी मोठ्या करवतीनं फळ्या काढायच्या, हेच त्याचं काम, आन भाऊ नव्हता मग करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात. काय सांगू तुम्हाला, डोळं मिटून भुसा हुंगला तरी सांगायची, हा साग, हा ऐन, हे शिसव. शिसवाचा भुसा जांभळट, वास गोडसर, आन जड असं की बाप म्हणायचा, पोरी, उचलायच्या आधी कमरेला विचार.

लगीन होऊन बिबवेवाडीत आले. नवरा फर्निचरला पॉलिश करायचा, तो गेला आन त्याच दुकानात म्या घासकाम धरलं. तीस वर्सं घासतीय, हे हात बघा. पण दुकानवाल्या शेठला वाटायचं, बाईला काय कळतंय.

गेल्या साली मंडईमागचे एक रिटायर मास्तर आले. लेकीला लग्नात शिसवाचाच पलंग देऊ, असं बायकोला कबूल केलेलं, आन बायको बिचारी मधेच गेली. शेठ लगेच हो म्हणाला. पलंग माझ्याकडं घासायला आला आन पहिल्याच हाताला भुसा पांढरा. म्या म्हटलं हे शिसव न्हाय. तर म्हणाला, मावशी, तुम्हाला घासायला ठेवलंय, पारखायला नाही, गडद रंग द्या आन वर काळ्या रेघा ओढा. दिला म्या रंग. हो, दिला, खोटं कशाला सांगू, त्याचा राग अजून माझा माझ्यावरच हाय.

मास्तर बघायला आले, पलंगावरनं हात फिरवत ऱ्हायले, डोळ्यांत पाणी. मग मलाच विचारलं, अहो बाई, शिसवच ना हे? शेठ माझ्याकडं बघतोय. म्या उशाकडची सुटी फळी एका हातानं उलटी केली, शिसव असती तर दोघं लागले असते, आन मागनं पॉलिश पेपर मारला. पांढरा भुसा त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, बघा तुम्हीच.

शेठनं तिथल्या तिथं कामावरनं काढलं. त्याचं काय न्हाय वाटलं. पण मास्तर शेठला धरतील म्हणून मी उभी, आन ते मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, लग्न चार दिवसांवर आलंय, पाहुण्यांना शिसव सांगून बसलोय, आपण कृपा करून कुठे बोलू नका. आन तोच पलंग घेऊन गेले. फसवलं त्यांना, आन तोंड दाबायचं माझं. कुणाकुणावर चिडू मी, सांगा की.

आता घरीच काम करते. लोक जुनं सामान पारखायला आणत्यात, खोटं निघालं की माझ्यावरच खेकसत्यात. खेकसा म्हणते, मी खरंच सांगणार. त्या लेकीचं मात्र बरं होवो, तिचा संसार खूप टिको. पलंगाची हमी मी घेत न्हाय.