इन्चार्ज कोण, तर कडुबा सर

...आणि वर मलाच सांगतात, वहिनी, रडू नका, सरांनी अकरा वर्षं पदभार सांभाळला! भार सांभाळला म्हणा हो. पद कुठं होतं? भार तेवढा पहिल्याच दिवशी आला, जुने हेडमास्तर रिटायर झाले, त्यांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, आणि शिक्षण खात्याचे तालुक्याचे साहेब आमच्या ह्यांना म्हणाले, “कडुबा सर, उरलेल्यांत तुम्हीच सीनियर. पक्का माणूस येईस्तोवर इन्चार्ज तुम्ही. महिना-दोन महिन्याचा प्रश्न आहे.”

आता तुम्हाला सांगते, आमचे हे फुलंब्रीच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेवर मास्तर, रोज संभाजीनगरहून जाणं-येणं, त्या दिवशी घरी आले ते हसतच. मी विचारलं, इन्चार्ज म्हणजे काय हो? तर म्हणे हेडमास्तरच, फक्त ऑर्डर यायचीय. आमची लेक सायली, तिनं मोबाइलमध्ये बघितलं, म्हणाली, आई, ज्याच्या हातात सगळी सूत्रं असतात तो! शेजारच्या प्रमोदिनीताई, सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या, त्यांनी चष्मा पुसत पुसत म्हटलं, “अहो, नवरदेव येईस्तोवर घोडीवर कुणाला तरी बसवून ठेवतात ना, तसं.” मला तवा लई राग आला होता, महिनाभर बोलले नाही मी त्यांच्याशी. आता वाटतंय, अख्ख्या गल्लीत खरं बोलणारी तेवढी एकच बाई होती.

कारण बघा ना... पोरांच्या खिचडीच्या तांदळात सोंडे झाले, इन्चार्ज कोण? कडुबा सर. संडासाला पाणी नाय, इन्चार्ज कोण? कडुबा सर. रविवारचा दिवस, शाळा बंद, हे घरी बसून कांदे चिरायलेत, तिकडं वावटळीत शाळेचे पत्रे उडाले, लागलीच फोन, इन्चार्ज कुठंयत? जसं काय ह्यांनीच फुंकर मारली! माहिती आजच दुपारी दोनपर्यंत ऑनलाइन भरा, असं पत्र यायचं, अन् यायचं कधी? अडीच वाजता! उशीर का झाला म्हणून खुलासा कुणी द्यायचा? इन्चार्जनं. मग एकदा शाळेचा तालुक्यात पहिला नंबर आला. पेपरात फोटो छापला... मधोमध साहेब, डावीकडं सरपंच, उजवीकडं सरपंचाचा भाचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी म्हटलं, तुम्ही कुठंयत ह्याच्यात? तर म्हणाले, मी फोटो काढत होतो.

अन् खुर्ची! ह्यांनीच सांगितलेलं, हेडमास्तरच्या खोलीत फिरती खुर्ची होती, पाठीला टॉवेल टाकलेली. हे तिच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, ती हेडमास्तरची आहे, ऑर्डर आली की बसतो. अकरा वर्षं त्या खुर्चीवरची धूळ मात्र ह्यांनीच झटकली.

ऑर्डर... तिसऱ्या वर्षी बढतीची यादी निघाली, कुणीतरी कोर्टात गेलं, स्थगिती. सहाव्या वर्षी निघाली, आचारसंहिता लागली. नवव्या वर्षी ह्यांचा नंबर चौथा, अन् जागा किती? तीन! तीन वेळा मी पेढे आणून ठेवले, तिन्ही वेळा आम्हीच दोघांनी खाल्ले, एकमेकांकडं न बघता. लई काय मागत नव्हता हो माणूस. रिटायर व्हायच्या आधी एक दिवस, फक्त एक दिवस पक्का हेडमास्तर व्हायचं होतं. ह्यांचे वडील निरक्षर, येईल-जाईल त्याला सांगायचे, आमचा कडुबा हेडमास्तर व्हनार. सांगता सांगता म्हातारा वारला.

तर गेल्या महिन्यात निरोपाचा कार्यक्रम. शाल झाली, नारळ झाला, साहेब भाषणात म्हणाले, कडुबा सर म्हणजे हाडाचे हेडमास्तर. मग तसं कागदावर लिहून द्यायला काय हात मोडले होते? लगेच चाव्या उचलून मेघा मॅडमच्या हातात दिल्या, म्हणे उरलेल्यांत तुम्हीच सीनियर, पक्का माणूस येईस्तोवर इन्चार्ज तुम्ही. ती बिचारी माझ्याकडं बघून रडायलाच लागली. सगळ्यांना वाटलं, सर चालले म्हणून रडतीय.

मग चहा हेडमास्तरच्या खोलीत. मी त्या खोलीत पहिल्यांदाच गेले. भिंतीवर हा एवढा लाकडी बोर्ड, आजवरचे मुख्याध्यापक, पांढऱ्या रंगात एकाखाली एक नावं, पासून, पर्यंत. मी चहाची बशी हातात धरून ह्यांचं नाव शोधत शोधत खाली आले. जुन्या हेडमास्तरांचं नाव संपलं. त्याखाली पासूनची तारीख बरोबर ह्यांचीच, अकरा वर्षांमागली. पर्यंतचा रकाना मोकळा, म्हणजे हे घरी चालले त्याचाही त्या बोर्डाला पत्ता नाय. अन् नावाच्या जागी दोनच शब्द... पद रिक्त.

अकरा वर्षं! सोंडे निवडले, पत्रे ठोकले, खुलासे लिहिले, तो माणूस तिथं नव्हताच म्हणा की! मी बशी खाली ठेवली अन् विचारलं, हे कुणी लिहिलंय? साहेब पंख्याकडं बघायला लागले. मेघा मॅडम जमिनीकडं. मी म्हटलं, नाव सांगा फक्त, आत्ताच्या आत्ता त्याच्याकडून पुसून घेते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

तर हे हळूच माझ्या जवळ आले, म्हणाले, “अगं, मीच लिहिलंय.”

“तुम्ही? आपल्या हातानं, आपल्यालाच रिक्त?”

“मग दुसरं कोण लिहिणार? बोर्ड पूर्ण ठेवायचं काम इन्चार्जचंच असतंय ना.”