रबर जातं कुठे?

नाही, म्हणजे कारखाना रंगाचा होता की कातड्याचा, हे आता छातीठोक नाही सांगता यायचं मला... रंगाचाच असावा, कारण ओढा जांभळा वाहायचा. बायको म्हणते निळा. बरं, निळा. पण मी प्रश्न विचारला होता, एवढं नक्की. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस दुसरं काय करणार?

झालं काय, तुम्हाला सांगतो, आमचे जावईबापू तिथे इंजिनिअर. त्यांनी शक्कल काढली : जुने टायर दळायचे, चुरा टाकीत भरायचा, वरून घाण पाणी सोडायचं, खालून स्वच्छ घ्यायचं. आणि खोटं नाही हो, रबर रसायनं ओढून घेतं, मीही वाचलंय. प्रात्यक्षिकाला मालक, मोठे साहेब, काचेचे दोन पेले, एकात शाई, एकात जणू आरसा, टाळ्या... आणि मला म्हणे, बाबा, तुम्हीही दोन शब्द बोला. बोललो. म्हटलं, रबर नुसतं गिळतं, पचवत नाही. पोट भरलं की मग ते रबर जातं कुठे?

साहेब म्हणाले, सर, पाणी बघा, पाणी. मालक म्हणाले, प्रश्न छान आहे, चहा घ्या. जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं. घरी मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, ह्यांची बढती अडकलीय यात, तुम्हाला आजच शंका यायची होती?" बायको जेवणभर भिंतीशी बोलत होती, की जावयाच्या अन्नात माती कालवायला शिकलेलाच माणूस लागतो. मग मलाच वाटायला लागलं, आपलंच चुकलं असेल, एवढ्या हुशार माणसांना हे सुचलं नसेल का... पण रबर जातं कुठे?

बढती झाली. मी विचारणं सोडलं, कारण विचारलं की सगळं घर पंख्याकडे बघायचं.

वर्षं गेली, गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, सिमेंटवर चालू नका, बागेत मऊ पायवाट झालीय, तिच्यावर चाला. चाललो. काय मऊ हो, पायांचे नुसते लाड! एकदा ऊन तापलं आणि वास आला... ओळखीचा. तुकडा उपटला, खिशात घातला, जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत नेला. वाटलं, नेहमीप्रमाणे मीच चुकत असेन. नव्हतो. कारखान्यातलंच रबर, पोटातल्या रसायनासकट.

जावईबापूंना विचारलं. केवढे खूश झाले!

"हो बाबा, दुसरी बढती त्या पायवाटेचीच. तुमच्या प्रश्नावरूनच सुचलं ना."