दोनशे वर्षांचा पोचा

स्कॉटलंडातल्या आमच्या बेटावर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे लॅकलन आणि त्याची भाची इशबेल उभे होते. तो गेल्या साली व्हिस्कीच्या डिस्टिलरीतून निवृत्त झाला, ती अजून तिथंच कामाला आहे.

“मामा, व्हिस्की गाळायचं नवं भांडं आलं. साहेबांनी बघून डोक्याला हातच लावला.”

“का गं? गळतंय?”

“पोचा नाहीये! कारागिरांनी जुन्या भांड्याचे बाकी सगळे पोचे हुबेहूब उतरवले, नेमका पोटावरचा मोठा विसरले.”

“एका पोच्याचं एवढं काय?”

“साहेब म्हणतात, आपली सगळी चव त्यातच आहे. दोनशे वर्षांचा आहे म्हणे.”

“छत्तीस.”

“काय छत्तीस?”

“छत्तीस वर्षांचा. मी उंदरावर फावडं फेकलं होतं. उंदीर निसटला.”

“मामा! आणि इतकी वर्षं गप्प बसलास?”

“नोकरी घालवू होय? त्यात त्या सालच्या व्हिस्कीला पुढं पदक मिळालं. मग कुठल्या तोंडानं सांगणार?”

“ते फावडं आहे अजून?”

“आहे की. बटाटे काढतो त्यानं.”

“मग सोमवारी घेऊन ये. उंदराचं मी बघते.”