होकार मिळेपर्यंत

(कौटुंबिक न्यायालयाबाहेरचा पॅसेज. बाकावर बायको आणि तिची वकील. नवरा अजून यायचाय.)

बायको : ...आणि मॅडम, ऐका ना, पुढचं तर अजून भारी! त्या दीडशहाण्यानं मला स्टेजवर शेजारी बसवलं, समोर सगळी जोडपी वह्या उघडून, आणि म्हणाला, "माझं आणि हिचं आजवर एकही भांडण झालेलं नाही!" अहो, येताना गाडीत मला इतकं झापलं होतं की काजळ पार गालावर! ते बघून एक बाई म्हणते, किती भावुक झाल्यात ना!

वकीलबाई : हळू. कुठल्याही क्षणी येईल तो.

बायको : येऊ दे की! सुखी संसाराची कार्यशाळा घेतो आणि स्वतः इथं तारखा घेतो. पोहता न येणारा मास्तर परवडला, तो निदान पोरांना काठावरच ठेवतो.

वकीलबाई : आत जाईपर्यंत तोंडाला कुलूप. कितीदा सांगू? अर्ज दोघांच्या संमतीचा आहे. मागच्या वेळी तो हो म्हणाला, त्यावर आज भागत नाही. आज न्यायाधीश पुन्हा विचारणार, दोघांनाही. तो नाही म्हणाला की अर्ज संपला.

बायको : म्हणजे इतके महिने थांबून परत त्याचीच मर्जी?

वकीलबाई : आणि तुझीही. संमती म्हणजे तेच. तू डिवचलंस आणि तो फुरंगटला, तर मग भांडून केस लढायची. वर्षं जातात त्यात.

बायको : वर्षं नको हो. दातांच्या लॅबमध्ये कामावर कवळ्या घासताना रोज म्हणते, आता सुटले, आता सुटले. बरं. ही बघा, दातखीळ बसली.

नवरा : नमस्कार मॅडम. आणि तू? खोल श्वास घे बघू. खांदे किती आवळलेत.

वकीलबाई : ती बरी आहे. बसा.

नवरा : बसत नाही. होकार द्यायला माझी ना नाहीच. फक्त एक छोटीशी गोष्ट. आत जायच्या आधी आमच्या दोघांचा एक फोटो. हसरा. खाली मी लिहीन, 'आम्ही प्रेमानं वेगळे होतोय.' माझ्या लोकांना धक्का नको बसायला. नवी कार्यशाळाच काढतोय, 'सुंदर निरोप'.

बायको : मॅडम, मी बोलू?

वकीलबाई : नको.

बायको : थोडंसंच?

नवरा : बोलू द्या की. तीन मिनिटं तिची, तीन माझी. घरी आमची हीच पद्धत होती, मोबाइलवर गजर लावून.

बायको : हो ना! आईचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी मी रडत होते, तर गजर वाजला. आणि हा म्हणाला, तुझी वेळ संपली!

नवरा : शिस्त होती ती.

वकीलबाई : साहेब, असा सौदा करून दिलेला होकार चालत नाही. आत विचारतात, स्वखुशीनं देताय ना म्हणून.

नवरा : मग मी स्वखुशीनं नाही म्हणेन.

वकीलबाई : तो तुमचा हक्क आहे. बाई गं, फोटोचं तूच ठरव. यात मी काही सांगणार नाही.

बायको : एक फोटो. दात दाखवायचे आणि मोकळं व्हायचं. तेवढंच ना?

नवरा : तेवढंच.

बायको : नाही. उद्या तुझ्या कार्यशाळेतल्या खुर्च्यांवर अशीच एखादी काजळ पुसत बसलेली असेल, आणि तू तिला माझं हसू दाखवशील. नाही काढायचा फोटो. म्हण तू नाही. वर्षं तर वर्षं.

नवरा : मॅडम, समजवा हिला. समजा मी नाही म्हटलं, तर पुढं काय?

वकीलबाई : ती एकटी अर्ज करेल, छळाच्या कारणावर. तुम्ही तुमचा वकील करायचा. मग तिची साक्ष. काय काय झालं, ते पहिल्यापासून.

नवरा : मधे मी समजावून सांगू शकतो ना?

वकीलबाई : नाही. तुम्ही ऐकायचं. तिचं सांगून झालं की प्रश्न तुमचा वकील विचारेल.

नवरा : पण बोलेल किती वेळ ती?

वकीलबाई : तिचं संपेपर्यंत.

नवरा : सगळं सांगेल?

बायको : गाडीतलंसुद्धा.

नवरा : फोटोचं राहू दे. मी आपलं सुचवत होतो.

वकीलबाई : असं नको. घाबरून दिलेला होकारही मला नको. खरंच वेगळं व्हायचंय का तुम्हाला?

नवरा : व्हायचंय हो. ही समोर बसून ऐकते ना, तेव्हा माझं बोलणं मलाच खोटं वाटतं.

बायको : हे कुठल्या कार्यशाळेतलं?

नवरा : कुठल्याच नाही.

वकीलबाई : चला, आपला पुकारा झाला. उठा दोघं.

नवरा : आणि बाहेर आल्यावर? काहीतरी बोलायचं असेल ना आपल्याला?

बायको : बाहेर आल्यावर तू पुढं हो. मी जरा वेळ इथंच बसणार आहे.