धक्क्यावरचा पहिला नंबर

...आणि वर मलाच विचारतात, "ओरिस, तुझा चष्मा कुठे होता रे?" चष्मा कुठे होता! अहो, चष्मा गाडीत होता! गाडी कुठे होती? तिकडे वाळूच्या पलीकडे! आणि मी कुठे होतो? धक्क्याच्या पार टोकाला, भर समुद्रात, पहिल्या नंबरावर! आता पहिला नंबर सोडून कुणी चष्मा आणायला जातं का? तुम्ही गेला असता? नाही ना? मग!

तुम्हाला सांगतो, अमेरिकेतल्या आमच्या ह्या गल्फच्या किनाऱ्यावर देव एक आणि कायदाही एक. पाण्यात कोबिया मासा दिसला, की ज्याचा नंबर पहिला त्यानं गळ टाकायचा, बाकीच्यांनी हाताची घडी घालून बघायचं. त्यानं सोडला तर दुसऱ्यानं टाकायचा. आणि कठड्यापासून हललात, मग ते लघवीला का असेना, की गेला नंबर, जा शेपटाला उभे राहा! हा कायदा कुठे लिहिलेला नाही, तो मिस वेल्माच्या तोंडात आहे. ही बाई टोकाला घडीची खुर्ची टाकून बसते. गुडघ्यांपायी स्वतः गळ टाकणं तिनं कधीच सोडलं, पण नंबर तीच लावते. एकदा खुद्द पाद्रीबाबा मध्येच घुसायला लागले, तर म्हणाली, "पाद्रीबाबा, स्वर्गात तुमचा वशिला असेल. इथे नंबर म्हणजे नंबर!"

पाद्रीबाबांचं नाव निघालंच आहे तर... सगळा घात माझ्या जिभेनं केला हो! ईस्टरच्या आधी आमच्या चर्चमध्ये माशांची पंगत असते. दर वर्षी माझा मेव्हणा, थर्मन, तळ्यातले शिंगाळे घेऊन येतो, मक्याच्या पिठात घोळवून तळतो, आणि सगळं चर्च बोटं चाटत बसतं. शिंगाळा! तळ्यातला! समुद्र दाराशी असताना! आणि हा माईक हातात घेऊन, माझ्याकडे बघून म्हणतो, "दाजी, तुम्ही काय आणलंत? बर्फ?" आता मी दर वर्षी बर्फच आणतो, ही गोष्ट खरी, पण ती माईकवर सांगायची असते का?

म्हणून ह्या वर्षी प्रार्थना संपता संपता मी उठलो आणि म्हणालो, "शनिवारच्या पंगतीला कोबिया! ताजा! माझी जबाबदारी!" टाळ्या पडल्या. आणि जुनेल, आमची सौभाग्यवती, माझा शर्ट ओढत म्हणते, "अहो, बसा खाली! लग्न झाल्यापासून एक कोबिया घरी आला नाही, आणि देवाच्या घरात काय बोलताय हे?"

आता कोबिया म्हणजे काय, सकला म्हणतात ना काही लोक, तोच. माणसाच्या मांडीपेक्षा जाड, तपकिरी, चपट्या डोक्याचा, कडेला फिकट पट्टा. वसंत आला, की किनाऱ्याकिनाऱ्यानं पूर्वेकडून पश्चिमेकडे निघतो, अगदी वरच्या पाण्यातून. तळाला गळ सोडून डुलक्या काढण्याचं हे काम नाही! आधी डोळ्यांनी शोधायचा. ऊन पाठीशी हवं. कधी कासवाच्या सावलीत असतो, कधी मोठ्या पाकटाच्या पोटाखाली. दिसला, की जिवंत वाम गळाला लावून त्याच्या तोंडाच्या पुढे टाकायची. डोक्यावर नाही, डोक्यावर पडली तर बुडी मारतो. मागे तर नाहीच नाही. पुढे! आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे, वरून बघितलं तर हा मेला हुबेहूब शार्क दिसतो. म्हणून तर तो चष्मा लागतो, पाण्यावरची चकाकी घालवणारा!

शनिवारी उजाडायला मी धक्क्यावर हजर. गळाच्या दोन काठ्या, बादलीभर वामा, पहिला नंबर. सकाळ गेली. एक कासव आलं, रिकामं. पर्यटक आले. "काका, काय पकडताय?" म्हटलं, ऊन. दुपार झाली, एकेक जण जेवायला पांगला, एकेकाचा नंबर गेला. मी हललो नाही! पाय आवळून उभा! आणि सूर्य आला समोर, पाण्यावर अशी चकाकी, की डोळ्यांतून धारा...

तेवढ्यात थर्मन आला, सॉसेजचा पाव खात. "दाजी, काळजी करू नका हं, मी शिंगाळे कापून बर्फात ठेवलेत." मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "थर्मन, ही किल्ली घे, गाडीतून माझा चष्मा आण." गेला. आला. चष्मा कुठे? ह्याच्या नाकावर!

"दाजी, काय झकास दिसतं हो ह्यातनं! तळ दिसतोय!"

"दे इकडे!"

"थांबा हो, जरा बघू तर द्या." आणि माझी दुसरी काठी उचलून, "ही कशी धरायची हो?"

मिस वेल्मानं मान वळवली. "कठड्याला उभा, हातात काठी, गळाला वाम. थर्मन, नंबर दोन."

"अहो, तो नुसता धरून उभा आहे!" मी ओरडलो.

"नंबर म्हणजे नंबर, बाळा."

आणि नेमकी त्याच वेळी, पूर्वेकडून, काळी सावली. लांब. शेपटी डावी-उजवी, डावी-उजवी. मी डोळे बारीक केले, मोठे केले, हाताचा आडोसा केला. काय दिसणार डोंबल? चकाकी! पण इतकी वर्षं धक्क्यावर काढलेला माणूस मी. म्हणालो, "शार्क!"

थर्मन म्हणतो, "दाजी, कडेला फिकट पट्टा दिसतोय."

"अरे शार्क आहे तो! समुद्र तू मला शिकवणार? तळ्यातला तू!"

मिस वेल्मा शांतपणे म्हणाली, "ओरिस, टाकतोस की सोडतोस?"

"सोडला! शार्कापायी मी वाम वाया घालवत नाही!"

"सोडला. नंबर दोन."

थर्मननं टाकला. कुठे? मागे! शेपटीच्याही मागे, दगड टाकल्यासारखा, बदकन! मी हसलो. देवाशप्पथ, मोठ्यांदा हसलो. आणि ती सावली थांबली... वळली... "कोण आलं बरं?" म्हणावं तशी मागे फिरली, आणि वाम गिळली.

पुढचं काय सांगू? रीळ किंचाळायला लागलं, थर्मन त्याच्याहून जास्त! "दाजी! काय करू? दाजी!" आणि मी, मी काय करतोय? "काठी वर धर! दोरी दे त्याला! खांबात जाऊ देऊ नको!" मीच ओरडतोय! दमला मासा, तेव्हा दोरीला बांधलेला आकडा खाली सोडला कुणी? मी. ओढून वर घेतला कुणी? मी. धक्क्यावर येताच त्यानं शेपटी हाणली ती कुणाच्या नडगीवर? माझ्या! अस्सल कोबिया. फिकट पट्ट्यासकट.

मी म्हटलं, "मिस वेल्मा, काठी माझी, वाम माझी, चष्मा माझा, आकडा मी टाकला..."

"आणि नंबर?" ती म्हणाली.

संध्याकाळी पाद्रीबाबा माईकवर, "ओरिसनं शब्द दिला होता, कोबिया येईल! आला! थर्मनसाठी टाळ्या!" जुनेल माझ्याकडे बघून हसली. वाईट हसली नाही, दया आल्यासारखी हसली, आणि ते जास्त लागलं हो मला. म्हटलं, असू दे. दिलेला शब्द तर राहिला. निदान एक तुकडा खाऊ. तर थर्मन दंड चोळत आला. "दाजी, तळायचं तुम्ही बघता का? कोबिया ओढून हात भरून आलाय." मी तळला. अख्खा! शेवटचा घाणा काढला, हात धुतले, ताटली घेऊन रांगेच्या शेपटाला उभा राहिलो. वाढायला कोण? मिस वेल्मा! माझी पाळी आली तेव्हा कोबियाच्या परातीत लिंबाची एक फोड होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं डाव उचलला. मीच म्हणालो, "माहीत आहे. नंबर म्हणजे नंबर."

तिनं शिंगाळा वाढला. मी थर्मनशेजारी बसून खाल्ला. दिवस मावळला होता, तरी माझा चष्मा त्याच्या नाकावरच. आणि दुःख कसलं सांगू तुम्हाला... शिंगाळा फार चांगला झाला होता हो.